चुलवाणातली चाकं

हरणाबाईंनी मातीची ट्रॉली सांगितली आहे आणि ती सकाळी न्याहारीच्या सुमाराला येणार आहे, ही बातमी रहिमतपुरात आदल्या संध्याकाळीच फिरली होती. त्यामुळे मी गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा सगळी मंडळी आपापल्या जागा धरून उभी होती. जन्म रंगमंचावर गेल्यामुळे मला ही शांतता ओळखता येते. तिसरी घंटा झालेली असते, पडदा अजून वर गेलेला नसतो आणि विंगेत कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

केरबा चुलवाणाच्या काठावर मांडी घालून ताठ बसला होता. त्याची तेरा वर्षांची मुलगी संयोगिता खाली, खड्ड्याच्या तळाशी, चाकाच्या फळीवर एक पाय ठेवून उभी होती. काठावर आणखी पोरंपोरी होती. काही गावातली, काही वाईहून पहिल्या एसटीनं आलेली. प्रत्येकाच्या काखेत फळी, आणि एरवी कान किटवणारं त्यांचं बोलणं पार बंद.

चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची चूल. उसाचा रस ज्या अवाढव्य काहिलीत उकळतो, तिच्या खालचा गोल खड्डा. एका अंगाला त्याचं तोंड असतं आणि त्या तोंडातून चिपाडं आत सारत राहायची. हे चुलवाण केरबाच्या थोरल्या भावाचं, ज्योतिबाचं. ज्योतिबा स्वतः गुळव्या होता. रस कधी उतरवायचा हे तो नुसत्या वासावर सांगे. आमची नाटक कंपनी सांगलीहून इकडे, माझ्या गावी, मुक्कामाला आली की तो गायक मंडळींच्या गळ्यासाठी काकवीची चरवी पाठवायचा, आणि प्रयोगाला स्वतः मागच्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं रडायचा. असा माणूस सहा-सात वर्षांमागे ऐन हंगामात, काहिलीशेजारी उभा असताना छातीत कळ येऊन गेला. गुऱ्हाळ त्या दिवशी थांबलं ते थांबलंच. मुलगा विश्वजीत पुण्यात नोकरीला, त्याला ऊस कारखान्याला घालणं सोयीचं. मागे उरल्या त्याच्या बायको हरणाबाई, आणि भिंतीला उपडी टेकवलेली काहील.

त्या सकाळी हरणाबाई वाफ्याच्या, म्हणजे गरम गूळ ओतून निववायच्या हौदाच्या, कट्ट्यावर बसल्या होत्या. पदर डोक्यावर, हात मांडीवर, नजर रस्त्याकडे. महिनाभर त्या केरबाशी बोलत नव्हत्या.

केरबाविषयी आता सांगायला हवं, कारण हे सगळं त्याच्यामुळे झालं.

ऊसवाल्या घरातला धाकटा मुलगा पलटणीत जातो, ही आमच्याकडची रीतच. केरबा बारावीनंतर गेला. बर्फात राहिला, वाळवंटात राहिला, हवालदार झाला. नोकरीच्या शेवटी शेवटी त्याची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लेबनॉनला गेली. तिथं समुद्राकाठी पॅलेस्टिनी निर्वासितांची एक वस्ती होती. त्या माणसांच्या आज्या-पणज्यांना पंचाहत्तर वर्षांपूर्वी आपली गावं सोडावी लागली, आणि तेव्हापासून ती वस्ती तात्पुरतीच आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं दारात शिरावं. डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं. पलटणीचं वैद्यकीय पथक तिथं जाई आणि केरबा त्याच्याबरोबर पहाऱ्याला असे.

एका पडलेल्या घराच्या जागेवर त्याला पोरं दिसली. चाकं लावलेल्या फळीवर उभी राहून ती उतरत्या भिंतीवरून खाली यायची आणि समोरच्या भिंतीवर चढायची. फळ्या दोनच, पोरं मात्र मावत नव्हती. पडलं की फळी दुसऱ्याला, हा नियम. त्यांना शिकवणारी समीरा नावाची शाळामास्तरीण होती. गाझातल्या आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या पोरांनी असे उतार बांधलेत हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं, आणि आपल्या पोरांना ते का नसावं, एवढाच तिचा विचार. तिनं केरबाला फळीवर उभं राहायला सांगितलं. निळ्या टोपीसह हवालदार पाठीवर पडला आणि अख्खी गल्ली हसली.

पोरांना गोल वाडगा बांधायचा होता, पण सिमेंट खडबडीत व्हायचं आणि चाक अडायचं. केरबानं गुऱ्हाळाचे वाफे लहानपणी भावाच्या हाताखाली घोटले होते. त्यानं थापी मागितली आणि फावल्या वेळात तो वाडगा आरशासारखा घोटून दिला. साहेबांनी विचारलं, हवालदार, ही कसली ड्यूटी. तो म्हणाला, सर, घोटाईची.

त्याच हिवाळ्यात त्याला ज्योतिबा गेल्याचा निरोप मिळाला. रजा, परवाने, विमानं, असं करत तो गावी पोचला तेव्हा दिवससुद्धा होऊन गेले होते. समीरानं निघताना दिलेली एक जुनी फळी त्याच्या ट्रंकेत होती. ती ट्रंकेतच राहिली.

निवृत्त झाल्यावर तो शिरवळच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात लागला. एका रविवारी संयोगितानं ट्रंक उचकली आणि ती फळी गुऱ्हाळाच्या फरशीवर नेली. तिथून पुढे काय झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. पेठेतल्या जैन दुकानदाराची धवल आणि ब्राह्मी ही भावंडं आली. सुताराकडून प्लायवूडच्या फळ्या आल्या, भंगारातल्या जुन्या स्केटची चाकं आली. वाईच्या घाटाजवळची मुलं आली. सांगलीहून चंदना नावाची कॉलेजातली मुलगी महिन्यातून एकदा यायची आणि तिच्याकडची खरी, विकतची फळी सगळ्यांना वापरायला द्यायची. पडलं की फळी दुसऱ्याला, हा नियम इथंही तसाच आला. बायका आधी ओरडल्या, पोरी पाय मोडून घेतील, पुढं कोण करील. मग त्याच बायका शेताला जाता जाता बांधावर थांबून बघू लागल्या.

फरशी पुरेना. पोरांना वाडगा हवा होता. चुलवाणात पाणी साठलेलं, कचरा पडलेला. केरबानं विश्वजीतला फोन केला, तो म्हणाला, काका, पडूनच आहे, करा काय करायचं ते. त्या उन्हाळ्यात हरणाबाई मुलीच्या बाळंतपणाला कराडला गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत पोरांनी तोंड तेवढं राखून खड्डा चहूबाजूंनी खोदून परातीसारखा पसरट केला आणि केरबानं तो घोटला. पोरं त्याला काहील म्हणू लागली.

हरणाबाई परत आल्या त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. हातातली पिशवी तशीच घेऊन त्या गुऱ्हाळावर आल्या. संयोगिता एका काठावरून सुटून दुसऱ्या काठावर चढत होती, तिच्यामागे धवल. हरणाबाई बघत राहिल्या. मी अनेक चेहरे पाहिले आहेत, रंगवलेले आणि न रंगवलेले. असा पाहिला नव्हता. राग त्यात होता, पण रागाच्या मागे दुसरं काही तरी उभं होतं आणि ते मला ओळखता आलं नाही. त्या तशाच मागे वळून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला की चुलवाण बुजवायचं आहे.

गुऱ्हाळ वाटणीत थोरल्याकडे गेलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. गावात सगळे म्हणाले, चुलीत पाय घातला म्हणून म्हातारीला लागलं. केरबाही तेच समजला. त्यानं पोरांकडून नारळ फोडून घेतला, हळदकुंकू वाहिलं. हरणाबाई बधल्या नाहीत.

ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा ब्राह्मीनं माझा हात धरला.

ट्रॅक्टर सम्मेदचा. मोठा बोलका गडी, पण त्या दिवशी त्यालाही आपलं काम नकोसं झालेलं दिसत होतं. त्यानं मातीनं शिगोशीग भरलेली ट्रॉली वळवून मागची बाजू खड्ड्याकडे केली आणि वरूनच विचारलं, "काकू, कुठं पलटी करू?"

"त्यात."

"त्यात पोरगी हाय."

"ती निघंल."

संयोगिता हलली नाही. सम्मेदनं केरबाकडे पाहिलं. "हवालदार, इंजान बंद करू का चालू ठिवू?"

"तुझ्या मनाला यील तसं कर."

"माझ्या मनाला ट्रॅक्टर घरी न्यावा वाटतोय," सम्मेद म्हणाला. कुणी हसलं नाही. इंजिन चालूच राहिलं.

हरणाबाई कट्ट्यावरून उठून काठाशी आल्या. आवाज चढवला नाही. "संयोगिता, तुझ्या चुलत्याचं चुलवाण हाय ते. त्यात उभी ऱ्हाऊन माझ्याशी बोलू नगंस."

"थोरली आई, मी बाहेर आले की तुमी बुजवणार."

"व्हय."

"मग मी हितनंच बोलते."

काठावरची दोन-तीन पोरं पुढे सरकली. चंदनानं त्यांना हातानं अडवलं, पण ती स्वतःही एक पाय आत टाकायच्या बेतात होती. आणखी एक पोर जरी उतरलं असतं तरी सगळी उतरली असती, आणि मग हरणाबाईंना माती परत न्यावी लागली असती. सगळ्या गावादेखत. ती गोष्ट त्यांनी केरबाला मरेपर्यंत विसरू दिली नसती.

सम्मेदनं हरणाबाईंची मान हललेली पाहिली आणि ट्रॉली वीतभर मागे घेतली. काठावरचे दोन खडे सुटले आणि घोटलेल्या सिमेंटवरून गरगरत संयोगिताच्या पायाशी गेले.

केरबा उठला. त्यानं बूट काढले, मोजे बुटात घातले आणि तो अनवाणी आत उतरला. संयोगिताचा चेहरा उजळला. तिला वाटलं, बाप आपल्या शेजारी उभा राहायला येतोय. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं.

"फळी घे आन वर जा," तो म्हणाला.

"पप्पा, तुमीच बांधलंय ना हे?"

"म्हनूनच सांगतोय. ज्याचं हाय त्याला इचारलं न्हाई आपन. इश्वजीतला इचारलं. वैनींना न्हाई."

संयोगितानं फळीवरचा पाय काढला. मग फळी उचलून चढाव चढली, आणि चढताना तिचा पाय घसरला तेव्हा तिला हात द्यायला कुणाची हिंमत झाली नाही.

केरबा वर आला. "वैनी, ट्रॉली पलटी करू नगा. मी फावड्यानं भरतो. म्या खांदलंय, मीच भरतो." तो ट्रॉलीवर चढला आणि पहिलं फावडं त्यानं उजव्या हाताला, चुलवाणाच्या तोंडाशी टाकलं. घोटलेल्या सिमेंटवर माती पडल्याचा तो आवाज. दुसरं फावडं. ब्राह्मीनं माझ्या बाहीत तोंड लपवलं. तिसरं त्यानं भरलं आणि हरणाबाई म्हणाल्या, "थांब."

तो थांबला.

"तोंडाकडनं नगं."

"मग कुठनं?"

हरणाबाई तोंडाशी पडलेल्या मातीकडे बघत राहिल्या. मग काठावरूनच वाकून त्या ती माती हातानं बाजूला करू लागल्या. केरबाची बायको राहीबाई पुढे आली आणि तीही त्यांच्याबरोबर माती सारू लागली.

"त्याला निवद न्हाई दिल्याला," हरणाबाई मातीकडे बघतच म्हणाल्या. "हंगाम सरला की दहीभात ठेवायचं हितं, तोंडाशी. आन म्हनायचं, आता निव. तुझं दादा ठेवायचं दरसाली. मग चुलवाण निजतंय." त्यांनी आणखी एक मूठ माती बाजूला सारली. "त्या वर्सी कोन ठेवनार? रस काहिलीत तसाच ऱ्हायला. समदी त्यास्नी घेऊन दवाखान्याकडं पळाली. जाळ आपला आपन इझला."

केरबा फावडं धरून ट्रॉलीत तसाच उभा होता.

"माझ्या लेखी हंगाम चालू हाय अजून," त्या म्हणाल्या. "पेटल्यालं हाय ते. आन तू त्यात पोरं घातलीस, केरबा."

तेव्हा मला त्या संध्याकाळचा त्यांचा चेहरा कळला. त्यांना खेळणारी पोरं दिसलीच नव्हती. जाळात फिरणारी पोरं दिसली होती.

"मला म्हाईत नव्हतं, वैनी."

"तू नव्हतास."

सम्मेदनं कुणाला न विचारता इंजिन बंद केलं. एवढ्या वेळानं रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलचा आवाजही मोठा वाटला. केरबा खाली उतरला. हात पुसत राहिला, ते पुसले गेल्यावरही पुसत राहिला. सहा-सात वर्षं हे त्या बाईनं पोटात ठेवलं होतं, कारण दहीभात ठेवायचा म्हणजे हंगाम संपला असं म्हणायचं, आणि हंगाम संपला की ज्योतिबाही संपला. आणि आता तो ठेवल्याशिवाय माती टाकली असती तर जितं चुलवाण गाडल्यासारखं झालं असतं. पुढे जायला वाट नव्हती आणि मागेही.

"दही हाय घरात," राहीबाई हळूच म्हणाली.

"मला सांगतीस? विरजण म्याच दिलंय तुला." महिनाभर बोलणं बंद होतं, विरजण बंद नव्हतं. हरणाबाईंनी हातावरची माती झटकली, पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसल्या, आणि बसल्यावर म्हणाल्या, "शिळा भात नगं. ताजा लाव."

राहीबाई जवळजवळ धावतच घराकडे गेली.

भात होईपर्यंतचा तो वेळ मोठा कठीण होता. दहीभात ठेवला म्हणजे वाडगा वाचला, असं कुणीच म्हटलं नव्हतं. निवलेलं चुलवाण तर खुशाल बुजवता येतं. पोरांनाही ते कळत होतं. संयोगिता बापापासून लांब, पाठ करून बसली होती. ट्रॉली भरलेलीच होती.

हरणाबाईंनीच विषय काढला, तो भलताच. "तिकडली ती पोरं. ती बी चुलीतच खेळत्यात व्हय?"

"न्हाई," केरबा म्हणाला. "पडल्याल्या घराच्या जागंवर."

"आता हायत का?"

केरबानं सगळं सांगितलं. मधे तिकडे पुन्हा बॉम्ब पडत होते. त्यानं समीराला आपल्या पोरांचं चित्रण पाठवलं होतं, आणि कितीतरी महिन्यांनी तिचं उत्तर आलं होतं. शाळेत आणखी माणसं राहायला आली आहेत, पाण्याची पिंपं ठेवायला कुठं जागा नाही, म्हणून ती वाडग्यात ठेवली आहेत.

"मग ख्याळ बंद?"

"पिंपं एका अंगाला सारल्यात. ऱ्हायलेल्या अंगानं खेळत्यात."

हरणाबाईंनी नुसतं हं केलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही, आणि उगाच रंगवूनही सांगणार नाही.

केळीच्या पानावर दहीभात आला. हरणाबाईंनी पान हातात घेतलं, जरा धरून ठेवलं आणि केरबापुढे केलं. "तू ठेव. पाठचा भाऊ हायस."

तो तोंडाशी गुडघे टेकून बसला. पान ठेवलं. मग मागे बघून म्हणाला, "काय म्हनू?"

"आता निव, म्हन."

केरबाला हळू बोलायची सवय नव्हती. जन्मभर कवायतीच्या मैदानावर बोललेला माणूस. "आता निव," तो म्हणाला, आणि ते शब्द त्या घोटलेल्या खड्ड्यात घुमून परत आले. हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला. कुणी जागचं हललं नाही. पानावरून कुठूनशी एक मुंगी चालत गेली तेवढीच.

शेवटी सम्मेदलाच राहवलं नाही. "काकू, मातीचं काय करायचं?"

संयोगिता वळली. अख्खा काठ हरणाबाईंकडे बघत होता.

"वत तिथं बाजूला," त्या म्हणाल्या. "काठापाशी."

"म्हंजे बुजवायचं न्हाई?"

"म्या तसं म्हनले व्हय?" त्या उठल्या, तोंडाशी आल्या आणि हाताच्या पंजानं जमिनीवर एक रेघ ओढली. "ह्या तोंडाकडं चाक आलं न्हाई पायजे. चपला, बूट भाईर. आन ज्या दिशी कुन्या पोराचं हाड मोडंल, त्या दिशी ही माती आत. हाताशी असलेली बरी."

वाईच्या एका पोरानं विचारलं, अनवाणी फळीवर कसं उभं राहायचं. केरबा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "तिकडं निम्मी अनवाणीच असत्यात."

ट्रॉली काठापाशी रिकामी झाली. त्याला आता वर्ष होत आलं. मातीच्या ढिगावर हरळी आली आहे, तरी फावडं त्यातच रोवलेलं आहे. ते काढायचं नाही, असं हरणाबाईंचं सांगणं आहे. मी रविवारी तिथंच टेकतो. एवढी चांगली बैठक मला एकाही नाट्यगृहात मिळाली नाही. आता कोरेगावचीही पोरं येतात. पोरी जास्त. तोंडाजवळची ती रेघ पावसात पुसली, तेव्हा ब्राह्मीनं तिथं विटा लावल्या. पडलेलं पोर आधी ढिगाकडे बघतं, मग आपल्या गुडघ्याकडे.

मागच्या रविवारी धवल हातावर पडला. मनगट धरून बसला, पांढराफटक. चाकं एकेक करून थांबली. कुणी बोलावलं नव्हतं, तरी हरणाबाई घरातून आल्या. काठावरच्या सगळ्यांनी वाट दिली. त्या अनवाणी आत उतरल्या. त्या चुलवाणात त्यांना उतरताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी धवलचा हात मांडीवर घेतला आणि त्याची बोटं करंगळीपासून एकेक करून वाकवून पाहिली. अंगठ्याशी तो कळवळला. त्यांनी पुन्हा वाकवला.

संयोगिता फावड्यापाशी जाऊन उभी होती. तिला ते अडवायचं होतं की स्वतःच हातात घ्यायचं होतं, मला कळलं नाही.

"हालत्यात," हरणाबाई म्हणाल्या. "हळद लावा." आणि केरबाच्या हाताचा आधार घेऊन त्या चढाव चढून वर आल्या.